बर्नलीत बघण्यासारखं काय आहे? साचेवाल्या सासऱ्यांना घेऊन येणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही जुलैमध्ये मुलाकडे मँचेस्टरला येताय. बरोबर सासरे आहेत, वय ७८. लालबागच्या गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते, संप होईपर्यंत. 'आपले साचे ज्या मुलखातून आले तिथलं एखादं गाव बघू' एवढंच त्यांचं मागणं. त्यासाठी मँचेस्टरच्या उत्तरेचं बर्नली हे गिरणीगाव तुमच्या मनात आहे. मुलाचे मित्र म्हणतात, बर्नलीत बघण्यासारखं काही नाही. मँचेस्टरचं म्युझियम दाखवा आणि लेक डिस्ट्रिक्टला न्या. तर बर्नलीला जावं का, आणि गेल्यास एका दिवसात काय काय होईल?

मी टेक्स्टाइलचा माणूस. इचलकरंजीत सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या वासात वाढलो, नोकरीची बरीच वर्षं लँकेशायरमध्ये, म्हणजे बर्नली ज्यात येतं त्या इथल्या कापडगिरण्यांच्या मुलखात गेली आणि निवृत्तीनंतर देशातून येणाऱ्या मंडळींना इथली गिरणीगावं दाखवत असतो. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

मुलाचे मित्र खोटं बोलत नाहीत. तिकीट काढून आत शिरलं आणि तासाभरात 'बर्नली पाहिली' म्हणून बाहेर पडलं, असं तिथे काही नाही. गावाने पैसा पाहिला आणि घालवलाही. मुख्य रस्त्यावर बंद दुकानं दिसतील. पण तुमच्या सासऱ्यांना प्रेक्षणीय स्थळ नकोच आहे. त्यांना चालता साचा बघायचाय, त्याचा आवाज ऐकायचाय आणि आपल्यासारखी माणसं इथे कशी राबत होती ते समजून घ्यायचंय. मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात यंत्रं आहेत, प्रात्यक्षिकंही होतात. नातवंडांना घेऊन जरूर जा. मात्र दालनात मांडलेला एखादा माग आणि शेकडो मागांची शेड यांत किती फरक असतो, हे सासरेच तुम्हाला सांगतील.

आता बर्नलीच का? लँकेशायरची गिरणीगावं लांबून सगळी सारखी वाटतात, पण त्यांच्यात कामाची वाटणी होती. ओल्डहॅम, बोल्टन, रॉचडेल ही दक्षिणेकडची गावं मुख्यतः सूत काढणारी. ब्लॅकबर्न, बर्नली, नेल्सन ही उत्तरेकडची कापड विणणारी. मुंबईच्या गिरण्यांत ज्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं खच्चून भरलेली असत, ते प्लॅट ओल्डहॅमचे. सासरे रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईला असते तर मी तुम्हाला हेल्मशोरला पाठवलं असतं. तिथे जुनी सूतकताईची यंत्रं जपली आहेत. साचेवाल्याने मात्र बर्नलीलाच यावं. पहिल्या महायुद्धाच्या आधी या एका गावात सुमारे लाखभर माग होते आणि लोकसंख्या लाखाच्या जरा वर. म्हणजे तान्ही पोरं धरून माणशी एक साचा! शिवाय इथे माग तयारही होत. हार्लिंग अँड टॉड, पेंबर्टन, बटरवर्थ अँड डिकिन्सन हे बर्नलीचेच मागवाले. सासऱ्यांना विचारून ठेवा, त्यांच्या साच्याच्या बिडाच्या चौकटीवर कुठलं नाव होतं. जुन्या साचेवाल्यांना ते बहुधा आठवतं, कारण रोज तेच डोळ्यांसमोर असायचं.

गावाची गोष्ट कालव्यापासून सुरू केली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. त्याआधी बर्नली म्हणजे ब्रन आणि कॅल्डर या दोन छोट्या नद्यांकाठचं, लोकर विणणारं लहान बाजारगाव. लीड्स-लिव्हरपूल कालव्याचं काम १७७० मध्ये सुरू झालं आणि १८१६ मध्ये संपलं; एकूण लांबी १२७ मैल. बर्नलीत तो अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी पोचला. वाटेत दरी आडवी आली. कालवा खाली उतरवून पुन्हा वर चढवायचा तर दोन्हीकडे लॉकच्या, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दरवाजांच्या पायऱ्या बांधाव्या लागल्या असत्या. इंजिनियर रॉबर्ट व्हिटवर्थने ते टाळलं आणि दरीत मातीचा भराव घालून पाणी वरच्या वरच पलीकडे नेलं. भराव जवळजवळ पाऊण मैल लांब, काही ठिकाणी साठ फूट उंच. लोक त्याला 'स्ट्रेट माइल' म्हणतात. मैलाला थोडी कमी आहे, पण कोण मोजतंय. त्यावर उभं राहिलं की गावाची छपरं आपल्या पायांखाली आणि बाजूला संथ पाणी. डोळ्यांना हे चमत्कारिकच वाटतं.

सगळ्या गिरण्या कालव्याला चिकटून का? मालवाहतूक हे एक कारण झालं. दुसरं कारण वाफेच्या इंजिनात आहे आणि ते सहसा कुणी सांगत नाही. वापरलेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करायला गार पाणी सतत आणि भरपूर लागतं. कालव्यातून पाणी घ्यायचं, काम झालं की कोमट पाणी परत सोडायचं. जमिनीखाली कोळसा होताच. बर्नली कोळशाच्या थरावरच बसलेली आहे. कोळसा, पाणी आणि पेनाइन डोंगरांना अडून येणारी दमट हवा असा सगळा योग जुळला. दमट हवेचं महत्त्व विणणाऱ्याला कळतं. हवा कोरडी पडली की ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तटातट तुटतो. इचलकरंजीत उन्हाळ्यात आम्ही जमिनीवर पाणी मारायचो, ते यासाठीच. इथल्या गिरणीमालकांचं नैसर्गिक ओलाव्यावरही समाधान होईना. ते शेडमध्ये वाफ सोडत, आणि त्या कोंदट हवेवरून कामगारांशी वर्षानुवर्षं भांडणं चालली.

कोळशाचीही किंमत होती. हॅप्टन व्हॅली खाणीत १९६२ च्या मार्चमध्ये स्फोट होऊन १९ जण गेले. आज त्या खाणी राहिल्या नाहीत. बँक हॉल खाणीच्या जागेवर तर बाग आहे, मुलं खेळतात.

बर्नली मँचेस्टर रोड स्टेशनवर उतरलात की कालव्याचा धक्का चालत गाठता येतो. तिथून कालव्याच्या कडेने जो गिरण्यांचा पट्टा लागतो त्याला 'वीव्हर्स ट्रँगल' म्हणतात. जुन्या गिरण्या, गोदामं, चिमण्या आणि धक्क्यावरच्या अधिकाऱ्याच्या जुन्या घरात छोटं माहिती केंद्र. ते स्वयंसेवक चालवतात, हंगामातल्या ठराविक दुपारीच उघडं असतं. बंद असलं तरी हिरमुसू नका, बघायचं ते बाहेरच आहे. स्लेटर टेरेस नावाची घरांची ओळ शोधा: खाली गोदाम, वर कामगारांची घरं, आणि दारं उघडतात ती पाण्याच्या बाजूच्या सज्जावर. लालबागच्या चाळीची गॅलरी सासऱ्यांना आठवेलच. काही गिरण्यांमध्ये आता विद्यापीठाचे वर्ग भरतात. शेजारच्या ब्रिअरफील्डमधल्या एका प्रचंड गिरणीचे फ्लॅट झालेत. आपल्याकडे टॉवर आणि मॉल उभे राहिले तशातलाच प्रकार. फरक इतकाच की इथे बाहेरच्या दगडी भिंती सहसा पाडू देत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, क्वीन स्ट्रीट मिल. बर्नलीपासून साधारण पाच किलोमीटरवर हार्ल साइक नावाचं खेडं आहे, तिथे ही गिरणी. बांधली १८९४ मध्ये. हार्ल साइकच्या गिरण्यांची खासियत अशी की त्यात स्थानिक विणकरांचेच शेअर्स असत. म्हणजे आठवडाभर साच्यावर उभा राहणारा माणूस भागधारकांच्या सभेत मालक म्हणून बसायचा. ऐन भरात इथे हजाराच्या आसपास माग होते. आज तीनशेच्या आसपास उरलेत आणि एकाच शेडमध्ये रांगांनी उभे आहेत. दारातून आत पाऊल टाकलं की डोक्यावर लांबच लांब शाफ्ट, त्यावरून प्रत्येक मागाकडे उतरणारे चामड्याचे पट्टे, आणि वर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर. काचा उत्तरेकडे, म्हणजे ऊन थेट कापडावर पडत नाही आणि उजेड दिवसभर एकसारखा राहतो. लालबाग-परळच्या शेड्स अगदी याच धर्तीच्या होत्या.

शाफ्ट फिरवतं ते पाचशे अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन. बांधणारे शेजारच्या नेल्सन गावचे विल्यम रॉबर्ट्स. आधी त्याचं नाव 'प्रूडन्स' होतं, पहिल्या महायुद्धानंतर 'पीस' झालं. इंजिनघर लखलखीत, पितळ चकचकीत, आणि प्रचंड फ्लायव्हील फिरताना आवाज अगदी दबका. आवाज सगळा पलीकडच्या शेडमध्ये.

हे माग लँकेशायर लूम जातीचे. ब्लॅकबर्नच्या केनवर्दी आणि बुलो यांनी १८४२ मध्ये ही सुधारणा आणली. बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की माग आपोआप थांबू लागला आणि त्यामुळे एका माणसाला अनेक माग सांभाळणं शक्य झालं. इथे सासऱ्यांना बोलतं करा. मुंबईत साचेवाल्याकडे सर्रास दोन साचे असत. बर्नलीत चार, आणि हाताखाली पोरगं असेल तर सहा. मालकांनी आणखी माग अंगावर टाकायचं ठरवलं तेव्हा १९३१-३२ मध्ये बर्नलीत टाळेबंदी आणि संप झाले. मुंबईत १९२८ चा सहा महिन्यांचा संप पेटला त्यामागेही दोनाचे तीन साचे करण्याचा घाट हे एक कारण होतंच.

दुसरी गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. शेडमधल्या जुन्या फोटोंमध्ये निम्म्याहून जास्त बायका आहेत. आपल्याकडे साचे खातं पुरुषांचं, बायका वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायला. इथे विणाईत बायका मोठ्या संख्येने होत्या आणि कापडाचा दर पुरुषाला तोच बाईला. लग्नानंतरही त्या कामावर येत. या मुलखात बायकांच्या मतदानाच्या हक्काची चळवळ जोरात चालली, तिचं मूळ मला या पगाराच्या पाकिटात दिसतं. दुरुस्तीला टॅकलर असे. आपल्या जॉबरसारखा, म्हणजे गिरणीत माणसं भरती करणाऱ्या मुकादमासारखा दिसतो, पण भरतीचा दबदबा त्याच्याकडे जॉबरइतका नसायचा. त्याचा पगार त्याच्या हाताखालच्या विणकरांच्या कमाईवर ठरायचा, म्हणून कापड जास्त निघावं याची घाई त्याला सगळ्यात जास्त. टॅकलरांच्या मंदपणावर इथे विनोदांची अख्खी परंपरा आहे. ते रचणारे अर्थातच विणकर!

मार्गदर्शकाला सांगून धोटा, म्हणजे बाण्याचं सूत मागात इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा, हातात घेऊन बघा. जुन्या धोट्याच्या एका टोकाशी बारीक भोक असतं. आतली सुताची कांडी संपली की नवी घालायची, त्या भोकाला तोंड लावायचं आणि श्वास आत ओढून सूत बाहेर काढायचं. दिवसभरात हे असंख्य वेळा. त्याला इथे धोट्याचा मुका घेणं म्हणत. सुताबरोबर खळ, धूळ आणि आधीच्या माणसाची थुंकी तोंडात जायची. एकाचा आजार दुसऱ्याला व्हायचा, पुढचे दात किडायचे. जवळ धरून पाहिलंत तर भोकाभोवतीचं लाकूड गुळगुळीत झालेलं दिसतं. सासरे कसा ओवत होते तेही विचारा, मलाही ऐकायला आवडेल.

आवाजाबद्दल एक सूचना. मोजके माग जरी सुरू केले तरी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सगळे चालत तेव्हा विणकर ओठांच्या हालचालींवरून बोलत आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा मारत. सासऱ्यांना श्रवणयंत्र असेल तर आत जाताना काढून ठेवा, आणि तुम्ही स्वतः कानात बोळे घाला. ते घालणार नाहीत, त्याची तयारी ठेवा.

ही गिरणी बंद कधी पडली? १९८२ च्या मार्चमध्ये. मुंबईचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. कारणं वेगळी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. तरी ज्या आठवड्यांत सासरे गेटबाहेर बसले होते त्याच आठवड्यांत इथे शेवटचं व्यापारी कापड उतरत होतं. हे त्यांना शेडमध्ये सांगू नका, बाहेर आल्यावर चहाच्या वेळी सांगा. पुढे गिरणीचं संग्रहालय झालं. २०१६ मध्ये काउंटी कौन्सिलने पैशाअभावी तेही बंद केलं. सुदैवाने आता हंगामात ठराविक दिवशी उघडतं.

लँकेशायरचा कापडधंदा बसला कशामुळे, हा प्रश्न आपल्या मंडळींकडून हमखास येतो, आणि बहुतेकांना 'स्वदेशी' हे उत्तर ऐकायचं असतं. ते उत्तर अर्धं आहे. १९१३ मध्ये ब्रिटनमधून सुमारे सात अब्ज यार्ड सुती कापड बाहेर जायचं, त्यातलं तीन अब्जांच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात. ब्लॅकबर्न धोतरांसाठी प्रसिद्ध, बर्नली छपाईच्या साध्या कोऱ्या कापडासाठी. महायुद्धात जहाजं अडली, तेवढ्यात मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी आपला बाजार धरला. मग जपानचं स्वस्त कापड आलं, हिंदुस्थानात आयातीवर जकात वाढली आणि त्यावर बहिष्काराची भर पडली. गिऱ्हाईक एकच आणि माल एकच अशा गावांचं कंबरडं मोडायला एवढं पुरे झालं. गांधीजी १९३१ च्या सप्टेंबरमध्ये याच भागात, डार्वेनला आले होते. बेकार झालेल्या विणकरांना भेटले, आणि गिरणीतल्या बायकांनी त्यांचं हसून स्वागत केल्याचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. डार्वेन बर्नलीपासून फार लांब नाही, पण त्याच दिवशी दोन्ही करायचा हट्ट धरू नका.

बाकीचं भराभर सांगतो. टाउनली हॉल ही जुन्या कॅथलिक जमीनदार घराण्याची हवेली. नगरपालिकेने १९०१ मध्ये विकत घेतली आणि संग्रहालय केलं. सासऱ्यांना तिथली मध्ययुगीन मठातली भरजरी वस्त्रं दाखवा, बाकी चित्रं तुम्ही बघा. भोवतीची बाग ऐसपैस आहे, बाकांवर टेकता येतं. डोंगरमाथ्यावरचं 'सिंगिंग रिंगिंग ट्री' म्हणजे लोखंडी नळ्यांचं झाड, २००६ मध्ये उभारलेलं. वारा शिरला की घुमतं. गाडी असेल तर जा, नसेल तर म्हाताऱ्या माणसाला त्या वाऱ्यात नेऊ नका. टर्फ मूर हे फुटबॉलचं मैदान गावातच आहे, १८८३ पासून तिथेच. १८८८ मध्ये लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी बर्नली एक, आणि १९६० मध्ये एवढ्याशा गावाने अख्ख्या इंग्लंडचं विजेतेपद मारलं. मैदानात गरम पाण्यात बेनेडिक्टाइन नावाची फ्रेंच दारू घालून पितात. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असलेल्या इथल्या पलटणीने ती सवय घरी आणली असं सांगतात.

आणखी एखादा दिवस हाताशी असेल तर तो पॅडिहॅमच्या गॉथॉर्प हॉलला द्या. रेचेल के-शटलवर्थ या बाईंनी आयुष्यभर जमवलेला कापडाचा आणि भरतकामाचा प्रचंड संग्रह आहे, त्यात हिंदुस्थानी कामही आहे. ताई, हे ठिकाण सासऱ्यांपेक्षा तुम्हाला जास्त आवडेल.

आता जमेल की नाही, ते तीन गोष्टींवर आहे: वार, गुडघे आणि गाडी. क्वीन स्ट्रीट मिल रोज उघडी नसते, म्हणून आधी वार ठरवा, मग तिकिटं काढा. फोन करून दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: त्या दिवशी माग चालवून दाखवणार का, आणि इंजिन वाफेवर असणार का. नुसतं 'उघडं आहे का' विचारलंत तर 'हो' म्हणतील आणि तुम्ही गप्प उभे साचे बघून परत याल. मँचेस्टर व्हिक्टोरिया स्टेशनवरून बर्नली मँचेस्टर रोडला थेट गाडी आहे, तासाभराचा प्रवास. सकाळी आधी हार्ल साइक गाठा, सासरे ताजेतवाने असताना. दुपारी कालवा आणि वीव्हर्स ट्रँगल. गुडघे साथ देत असतील तर स्ट्रेट माइल. वर चढायला काही ठिकाणी पायऱ्या आहेत. थकले तर सरळ टाउनलीच्या बागेत टॅक्सीने जा. स्टेशन ते हार्ल साइक बसही आहे, पण तीन-चार जण असाल तर टॅक्सीच सोयीची.

जेवणाची चिंता नको. साठच्या दशकात गिरण्यांच्या रात्रपाळीसाठी पाकिस्तान आणि आत्ताच्या बांगलादेशातून माणसं आली, त्यांची पुढची पिढी इथेच आहे. डाळ-भात, भाजी सहज मिळते. टॅक्सीवाला बहुधा त्यांच्यातलाच असेल आणि त्याचा बाप किंवा आजा गिरणीत असण्याची शक्यता दाट आहे. सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा. हिंदी-उर्दूत जमेल त्यांचं. जुलै असला तरी स्वेटर आणि छत्री घ्या.